खेळाच्या बाई पुन्हा जेवू लागल्या

माझी आत्या मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या मुलींच्या शाळेत खेळ शिकवायची. गावात तिला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. शाळेतल्या पोरी, त्यांच्या आया, बसस्टँडजवळचा चहावाला, सगळ्यांसाठी ती 'खेळाच्या बाई' होती. उंच, रुंद खांद्यांची. पदर कमरेला खोचून मैदानात उभी राहिली की कवायतीची रांग आपोआप सरळ व्हायची. खो-खो हा तिचा जीव. चाळिशी उलटली तरी एका हातानं खांब धरून गर्रकन कसं वळायचं ते ती स्वतः करून दाखवायची, आणि पोरी तोंडात बोट घालून बघत राहायच्या.

लग्न तिनं केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची हिंमत आमच्या घरात कुणाला झाली नाही, माझ्या आजोबांनाही नाही.

ही ऐंशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. मी पांढुर्ण्याची, तिथे माझ्या वडिलांचा कापसाचा व्यापार होता. बी.ए. झाल्यावर मला आत्याच्याच शाळेत लहान वर्गांवर नोकरी लागली आणि मी ट्रंक घेऊन तिच्या घरी राहायला आले. दोन खोल्या, मागे अंगण आणि वर मोकळी गच्ची. आम्ही दोघीच. पहिल्याच दिवशी तिनं मला जेवायला वाढलं आणि स्वतः माझ्या दुप्पट जेवली. ज्वारीच्या भाकरी, तुरीचं घट्ट वरण, ठेच्यावर कच्चं तेल आणि शेवटी वाटीभर दही. जेवताना ती बोलत नसे. हात धुतल्यावर म्हणाली, "माह्या घरी लाजायचं काम नाही. लाजणाऱ्या माणसाले मी खेळात घेत नाही अन् पंगतीतही घेत नाही."

पुढच्या उन्हाळ्यात तिला तहान लागायला लागली. सौंसरच्या उन्हाळ्यात तहान कुणाला लागत नाही, म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. पण पाऊस पडून गेला, हवा गार झाली, तरी ती शाळेतल्या माठापाशी सारखी जायची. रात्री चार-चारदा उठायची. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लघवी तपासली. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. नळी उकळली आणि निळ्याचा रंग बघता बघता विटेसारखा लाल झाला.

"शुगर आहे, बाई," डॉक्टर म्हणाले. "गोड बंद करा, भात-बटाटा कमी करा, ह्या गोळ्या घ्या. महिन्यानं या."

डॉक्टरांनी सांगितलं ते एवढंच. बाकीचं सगळं गावानं सांगितलं.

शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं, दूध सोडा, दुधात साखर असते. शेजारच्या काकूंनी सांगितलं, शेंगदाणे वर्ज्य, तूप वर्ज्य. कुणी म्हणालं डाळ जड पडते. कुणी म्हणालं फळ म्हणून तोंडात घालायचं नाही. संत्र्याचं तर नावच नको. आमचे काका, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, बोरगावला संत्र्याची बाग करायचे. मोसमात त्यांच्याकडून टोपली यायची, ती आत्या उघडतही नसे. पोरींना वाटून टाकायची. सकाळी कारल्याचा रस, त्यावर मेथीदाण्याचं पाणी, दुपारी अर्धी भाकरी आणि पाण्यात शिजवलेली पालेभाजी, संध्याकाळी तेच. आत्यानं हा सगळा उपदेश नियमासारखा पाळला. नियम पाळणं तिच्या रक्तातच होतं.

नळी, निळं औषध आणि स्पिरिटचा दिवा तिनं घरीच आणून ठेवला होता. रोज सकाळी न्हाणीघराच्या ओट्यावर ती तपासणी करायची. काही आठवड्यांतच नळी निळीच्या निळी राहायला लागली. आत्या ती उजेडात धरून मला दाखवायची.

"पाहून घे. आहे का कुठं लाल?"

"नाही, आत्या."

"मंग! जिंकली का नाही मी?"

स्टाफरूममध्ये तिचं कौतुक व्हायचं. एवढा संयम कुणाला जमतो, म्हणायचे. कुणाच्या घरी डायबिटीसचा माणूस लपून जिलेबी खाताना सापडला की त्याला आमच्या आत्याचं उदाहरण दिलं जायचं.

आणि आत्या वाळत चालली होती. आधी सगळे म्हणाले, बारीक झाल्या, बरं झालं. मग गळ्याची हाडं दिसायला लागली. ब्लाऊज खांद्यावरून घसरायला लागले, ते तिनं दोनदा आत शिवून घेतले. कंगव्यात केसांचा पुंजका यायचा. दुपारी शाळेत कधी कधी तिला घाम फुटायचा, हात कापायचे, आणि ती भिंतीला टेकून डोळे मिटून उभी राहायची. "काही नाही, कमजोरी आहे, जाईल," म्हणायची. मग पावलांवर सूज आली. दंडाच्या काड्या झालेल्या आणि पावलं मात्र फुगलेली. मला ते काही केल्या समजत नव्हतं. नळी रोज निळीच होती.

एका शनिवारी सरावाच्या वेळी ती एका पोरीला खांबाचं वळण दाखवायला गेली. हात खांबाला लागला, पण पाय वळला नाही. ती तिथेच, मातीत, बसल्यासारखी पडली. पोरी धावल्या. आत्या उठली, धूळ झटकली, हसलीसुद्धा. पण पडताना टाचेत बाभळीचा काटा गेला होता. तो आम्ही घरी येऊन काढला, हळद लावली. आठ-दहा दिवसांत जखम भरायला हवी होती, ती भरली नाही. उलट तिची कड काळपट व्हायला लागली आणि वास यायला लागला. तेव्हा मी वडिलांना पांढुर्ण्याहून बोलावून घेतलं आणि आम्ही आत्याला बसनं नागपूरला नेलं.

नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात आत्याला भरती करून घेतलं. डॉक्टरांनी जखम साफ केली, गोळ्या बंद केल्या आणि इन्सुलिनची सुई सुरू केली. आत्या सुईला घाबरली नाही. तिला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. दुसऱ्या दिवशी एक आहारतज्ज्ञ बाई आल्या. पांढरा कोट, खिशात कापडी टेप, वय माझ्याहून थोडंच जास्त. त्यांनी आत्याच्या दंडाला टेप लावला, पापणी खाली ओढून बघितली, पायाची सूज बोटानं दाबून बघितली. मग खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या.

"काल भरती व्हायच्या आधी घरी काय काय खाल्लं होतं?"

आत्यानं अभिमानानं सांगितलं. कारल्याचा रस, मेथीचं पाणी, अर्धी भाकरी, पालक.

"आणि परवा?"

"तेच. रोज तेच. वर्षभर एक दिवस चुकली नाही मी. पाहा ना, इथंसुद्धा विचारा तुमच्या डॉक्टरांना, लघवीत साखर नव्हती."

बाई अगदी हळू म्हणाल्या, "ताई, तुम्हाला डायबिटीस आहे, हे खरं. पण आत्ता तुम्हाला खाटेवर आणलंय ते डायबिटीसनं नाही. तुम्ही उपाशी आहात."

आत्या उठून बसली. "उपाशी? मी? माह्या भावाची संत्र्याची बाग आहे. घरी कापसाचा धंदा आहे. आमच्या घरी कोणी उपाशी नाही राहिलं कधी!"

"घरात असून उपयोग काय? तुमच्या पोटात गेलं नाही. शरीराला बाहेरून मिळालं नाही, तेव्हा त्यानं तुमचे दंड खाल्ले, मांड्या खाल्ल्या. ही पायाची सूज त्यामुळेच. जखम भरायला सामान लागतं, ते शरीराकडे उरलेलं नाही. कशानं भरेल ती? नळी निळी होती, कारण आत काही जातच नव्हतं आणि वरून तुम्ही गोळ्या घेत होता. ते घाम येणं, हात कापणं, ती कमजोरी नव्हती. साखर फार खाली जात होती तुमची."

आत्या माझ्याकडे बघायला लागली. मी वडिलांकडे. वडील खिडकीबाहेर.

"मग आता काय गोड खायचं का?" आत्या म्हणाली.

"गोड नाही. जेवायचं." बाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला. "ही सुई तुम्हाला कमी खाता यावं म्हणून देत नाही आहोत. तुम्हाला नीट खाता यावं म्हणून देत आहोत."

माझ्या वडिलांनी त्याच संध्याकाळी बाजारातून ताकदीच्या पावडरीचा एक मोठा डबा आणला. वरती पैलवानाचं चित्र होतं. आहारतज्ज्ञ बाईंनी झाकण उघडून चिमूटभर जिभेवर ठेवली आणि डबा परत दिला. "ही साखर आणि माल्ट आहे. ज्याला डायबिटीस नाही त्याला चालेल. यांना लागतं ते वेगळं. ताकद यायला हवी आणि साखर एकदम वर उडायला नको. ते तुम्हाला घरीच करावं लागेल. मी शिकवते."

दवाखान्याच्या स्वयंपाकघरात त्यांनी मला ते शिकवलं. सालासकट भाजलेले चणे, शेंगदाणे, थोडे जवस, थोडी ज्वारी, साय काढलेल्या दुधाची पावडर आणि सोयाबीन. सगळं वेगवेगळं भाजून, दळून, मिसळून एक पीठ. साखर-गूळ अजिबात नाही, चवीला जिरं आणि मीठ. ताकात कालवून दोन जेवणांच्या मध्ये द्यायचं आणि झोपताना द्यायचं, म्हणजे रात्री साखर खाली जाणार नाही. शिवाय जेवणात घट्ट वरण, मोड आलेले मूग, दही, भाकरी आणि भरपूर भाजी. अंडी आत्या खाणार नव्हती, म्हणून डाळ जास्त. आणि दिवसातून एक संत्रं.

"संत्रं?" मी दचकले.

"एक. सोलून, फोडी चावून. रस काढून नाही."

सौंसरला परतलो तेव्हा आत्या बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. इन्सुलिनच्या बाटलीसाठी आमच्याकडे फ्रीज नव्हता. मी कुंभाराकडून लहान मडकं आणलं, त्यात ओली वाळू घातली, त्यात डब्यासकट बाटली ठेवली. सुई आणि काचेची पिचकारी रोज पातेल्यात उकळायची. ते सगळं मला लवकर जमलं. जमत नव्हतं ते पीठ.

सोयाबीन तेव्हा आमच्या भागात नवीनच आलं होतं. काही शेतकऱ्यांनी कापूस कमी करून ते पेरायला सुरुवात केली होती, पण ते घरात खायचं असतं हे कुणाला पटत नव्हतं. माल तेलाच्या कारखान्याला जायचा आणि पेंड ढोरांना. काकांनी बोरगावच्या एका शेजाऱ्याकडून गोणीभर आणून दिलं. मी ते तसंच भाजलं, दळलं आणि ताकात कालवून आत्यापुढे ठेवलं. तिनं एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"काय पाजून राहिली मले?"

"सोयाबीन आहे त्यात."

"ढोराचं खाणं ते! अवं, नागपूरच्या बाईनं सांगितलं म्हणून तू मले गोठ्यात बांधशील काय?"

चव खरंच वाईट होती. कच्च्या शेंगेसारखा, हिरवट वास. मी पुन्हा नागपूरला गेले. बाई हसल्या, म्हणाल्या, आधी उकळत्या पाण्यात टाकायचं, चांगलं शिजू द्यायचं, चोळून सालं काढायची, उन्हात वाळवायचं आणि मग मंद आचेवर भाजायचं. हे सांगायचं त्याच विसरल्या होत्या. मी घरी येऊन गच्चीवर जुनं लुगडं पसरलं. सोललेलं सोयाबीन त्यावर वाळत घातलं, आणि दिवसभर चिमण्या हाकलत बसले. या वेळी पीठ सोनेरी झालं, खमंग वास सुटला. मी जिऱ्याबरोबर चिमूटभर ओवाही घातला. आत्यानं वाटी संपवली.

खरी अडचण पुढेच होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी नळी हिरवी झाली, म्हणजे लघवीत थोडी साखर आली होती.

आत्या ती नळी घेऊन स्वयंपाकघरात आली. "पाहिलं? वर्षभराची माही मेहनत पाण्यात गेली. आजपासून बंद. वरण बंद, ते पीठ बंद, सगळं बंद."

"आत्या, बाई म्हणाल्याच होत्या हिरवी होईल म्हणून. सुईचं प्रमाण थोडं वाढवायचं, खाणं थांबवायचं नाही."

"तुले काय समजते? लाल व्हायला वेळ लागते काय? आज हिरवी, उद्या पिवळी, परवा मी गेली."

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त कारल्याचा रस घेतला. मी रडले, भांडले, वडिलांना बोलावण्याची धमकी दिली. काही उपयोग झाला नाही. तिला घाबरवणारा शत्रू तिला नळीत दिसत होता, आणि मी दाखवत होते तो तिला दिसत नव्हता.

मग मैदानावर एक गोष्ट घडली. आत्या रजेवर होती, पण संध्याकाळी खुर्ची टाकून सराव बघायला बसायची. मी तिला सोबत म्हणून गेले होते. संघाची कप्तान होती नववीतली एक काटक, चपळ पोरगी. त्या दिवशी ती धावता धावता मध्येच थांबली, गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि खाली बसली. तोंड पांढरं पडलं होतं. आत्या खुर्चीतून उठून लंगडत तिच्यापाशी गेली.

"काय झालं वो? काय खाल्लं सकाळपासून?"

"उपास आहे, बाई. चतुर्थीचा."

आत्याचा आवाज पूर्वीसारखा चढला. "उपास आहे त घरी बसायचं! रिकाम्या पोटी कोणी मैदानात येते काय? शंभरदा सांगितलं, पोटात नसन त पायात कुठून येईन? शरीराचा खेळ आहे हा, जिद्दीचा नाही!"

पोरगी खाली बघत होती. तिला बिचारीला उलट बोलायचं नव्हतं. ती खरंच काळजीनं म्हणाली, "बाई, मग तुम्ही जेवत जा ना."

आत्या तशीच उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. मला वाटलं ती आता आणखी चिडेल. पण तिनं एका पोरीला शाळेच्या माळीबुवाकडून गूळ-शेंगदाणे आणायला पाठवलं, कप्तानला समोर बसवून खायला लावलं. ती खात होती तोवर आत्या तिच्याजवळ मातीत बसून राहिली.

घरी आल्यावर आत्या पाटावर बसली. मला म्हणाली, "वाढ."

मी भाकरी, वरण, मूग, दही वाढलं. तिनं सगळं खाल्लं. हात धुवून म्हणाली, "उद्या नागपूरले जाऊ. त्या बाईले विचारू, सुई किती वाढवायची. मी आजवर पोरींचा सराव घेतला, आता माह्या शरीराचा घेतो."

बोलताना ती अशी अधूनमधून पुरुषासारखी क्रियापदं वापरायची. आमच्या घरात त्याचं कुणाला काही वाटत नसे. त्या दिवशी मात्र ते वाक्य मला फार आवडलं.

त्यानंतर तिनं खाणं तितक्याच शिस्तीनं सुरू केलं जितक्या शिस्तीनं ते सोडलं होतं. शाळेची घंटा वाजावी तशी ती वेळेवर पिठाची वाटी मागायची. नळी कधी निळी असायची, कधी हिरवट. ती बघायची, काय खाल्लं होतं आणि किती चालली होती ते आठवायची, सुईचं प्रमाण बाईंनी सांगितल्याप्रमाणे ठेवायची आणि पुढच्या कामाला लागायची. नळी उजेडात धरून मला दाखवणं बंद झालं. त्याऐवजी ती दंड पुढे करायची. "माप." मी टेप लावायचे. पहिल्या महिन्यात काहीच हललं नाही. पण पावलांची सूज उतरली, चपलेचा पट्टा पुन्हा पहिल्या भोकात बसायला लागला. मग टाचेच्या जखमेच्या तळाला गुलाबी मांस दिसलं. मी ते बघितलं आणि ओट्यावर बसून हसत सुटले. आत्या म्हणाली, "वेडी झाली काय?" आणि मग पाय उचलून, आरशात टाच बघून तीही हसायला लागली.

गाव मात्र घाबरलं होतं. शेजारच्या काकू कुंपणाजवळून म्हणायच्या, "बाई शेंगदाणे खाऊन राहिल्या म्हणे! दही खाऊन राहिल्या! साखरेचा माणूस कुठं असा खाते काय?" स्टाफरूममध्ये संयमाचं कौतुक करणाऱ्या बाई आता मान हलवायच्या. आत्या कुणाशी वाद घालत नसे. एकदाच म्हणाली, "काकू, मी तुमचं सगळं ऐकलं होतं. वर्षभर ऐकलं. आता माह्या टाचेचं ऐकून राहिली."

हिवाळ्यात आम्ही बोरगावला काकांच्या बागेत गेलो. झाडं फळांनी वाकली होती. काकांनी टोपली पुढे केली आणि सवयीनं मागे ओढली. आत्यानं हात घालून एक संत्रं उचललं. उभ्या उभ्या सोललं. एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले, बिया हातात काढल्या. मग दुसरी फोड. काका बघत राहिले. आख्खं संत्रं खाऊन झाल्यावर तिनं साल त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "यंदा गोडी चांगली उतरली. दुसरं नको. उद्याचं उद्या." काका तिकडे वळून उगाच पाण्याच्या पाटाकडे गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

त्याच मोसमात जिल्ह्यातल्या शाळांच्या स्पर्धा पांढुर्ण्याला होत्या. आत्या रजा संपवून कामावर आली होती. आम्ही सगळ्या पोरींना घेऊन बसनं गेलो, आणि मुक्काम आमच्याच घरी. माझ्या आईनं अंगणात चुली मांडल्या. आत्यानं आईला आधीच सांगून ठेवलं होतं, सामन्याच्या सकाळी कोणत्याही पोरीला रिकाम्या पोटी घराबाहेर पडू द्यायचं नाही. दही, भाकरी आणि आमच्या पिठाची धिरडी. पोरींनी तक्रार केली नाही. सरावानंतर आत्या त्यांनाही ते पीठ ताकातून द्यायची, आणि त्यांनी त्याला 'बाईंचं पीठ' असं नावच पाडलं होतं.

अंतिम सामना छिंदवाड्याच्या एका शाळेशी होता. त्यांच्या पोरी उंच, नव्या कोऱ्या कपड्यांतल्या. पहिल्या डावात आम्ही मागे पडलो. दोन डावांच्या मध्ये पोरी गोल बसल्या होत्या, चेहरे उतरलेले. कप्तान म्हणाली, "बाई, त्यांची ती शेवटची पोरगी खांबापाशीच निसटून जाते. हाती लागतच नाही."

आत्यानं पदर कमरेला खोचला. मैदानाच्या कडेला सरावाचा एक खांब होता, तिकडे गेली. मी मागून ओरडले, "आत्या, टाच!" तिनं ऐकलं नाही. चार पावलं धावली, डाव्या हातानं खांब धरला, अंग पूर्ण झुकवलं आणि वळली. एकाच झोकात, उजवा हात जमिनीला लागेल इतका खाली. आणि उभी राहिली. धापसुद्धा लागली नव्हती. बघे टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, हा सामन्याचाच काही भाग असावा.

"अशी," ती कप्तानला म्हणाली. "वरून नाही, खालून. जा."

दुसऱ्या डावात कप्ताननं त्या पोरीला खांबापाशीच गाठलं. खालून. शिट्टी झाली तेव्हा आम्ही पुढे होतो. पोरी किंचाळत आत्याकडे धावल्या आणि तिला खांद्यावर उचलायचा प्रयत्न करायला लागल्या. दोघींनी पाय धरले, तिघींनी कंबर. आत्या काही उचलली जाईना. "अवं सोडा, पडीन मी, जड आहे मी आता!" ती ओरडत होती, हसत होती, आणि माझे वडील प्रेक्षकांतून मोठमोठ्यानं सांगत होते, "माही बहीण आहे ती! माही बहीण!"

संध्याकाळी आमच्या अंगणात पोरींची जेवणं चालू होती, तेव्हा वडिलांच्या ओळखीचे एक व्यापारी बायकोला घेऊन आले. कधीकाळचे चांगले धिप्पाड गृहस्थ, आता सदरा अंगात लोंबत होता. डायबिटीस निघाल्यापासून त्यांनीही सगळं सोडलं होतं. बायको दारातच रडायला लागली. म्हणाली, "बाई, दुपारी तुम्हाले त्या खांबापाशी पाहिलं. तुम्हालेही साखरच आहे म्हणे, तरी जेवता. हे काहीच खात नाहीत हो. ऐकत नाहीत माह्यं."

आत्यानं त्या गृहस्थांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "टेप आण." त्यांचा दंड मापला, पावलं दाबून बघितली. त्यांना नागपूरच्या दवाखान्याचा पत्ता दिला, आधी तिथे जाऊन तपासून या, मनानं काही करू नका, असं दोनदा बजावलं. आणि मग हात धरून त्यांना पोरींच्या पंगतीत, कप्तानच्या शेजारी बसवलं.

"पण मला चालतं का हे?" ते ताटाकडे बघत पुटपुटले.

"भात नका घेऊ, भाकरी घ्या. वरण चालते, दही चालते, भाजी चालते." आत्यानं स्वतः वाढलं. "सावकाश जेवा. घाई नाही."

त्यांनी पहिला घास घेतला. बायको पदर तोंडाशी धरून उभी होती. थोड्या वेळानं त्यांनी मान वर न करता वरणाची वाटी पुढे केली, आणि आत्यानं ती काठोकाठ भरली.